देणगी इमारतीला, काम माणसांवर

१९१८ साली पार्वतीबाई आठवले अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेमच येत होतं. देवरुखसारख्या कोकणातल्या गावात वाढलेली, विशीतच विधवा झालेली, महर्षी कर्व्यांची ही मेहुणी. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून, सभांतून बोलून वर्गणी गोळा करण्याचं काम त्या आधीपासूनच करत होत्या. अमेरिकेत पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं, काम करता करता भाषा शिकल्या आणि जिथे चार माणसं ऐकायला तयार झाली तिथे आपल्याकडच्या विधवांच्या शिक्षणाबद्दल बोलल्या. १९२० मध्ये त्या परत आल्या. निधी संकलन हा आज स्वतंत्र पेशा आहे, त्याचे अभ्यासक्रम आहेत, सल्लागार आहेत. महाराष्ट्रातल्या या पेशाचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर पहिल्या प्रकरणाचा मान पार्वतीबाईंचा.

त्यांच्या मागे उभी असलेली संस्थाही नीट पाहायला हवी. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीवजा घरात नेला. स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं, त्या पगारात घर चालवायचं आणि रोज पायी हिंगण्याला जायचं, असा त्यांचा क्रम. पण एका माणसाच्या पायपिटीवर संस्था चालत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्म मठ स्थापन केला. संस्थेला वाहून घेणारी, बेताच्या मोबदल्यावर राहणारी माणसं जोडणं हा त्याचा हेतू. याआधी १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यांची पद्धत रुजवलीच होती. गोपाळ कृष्ण गोखले तिथे महिना ७५ रुपयांवर २० वर्षं काम करण्याचं वचन देऊन बसले होते. उद्या काम कोण करणार आणि त्याच्या घरची चूल कशी पेटणार, याचं उत्तर या मंडळींनी आधी शोधलं. ज्याला आज आपण धोरणात्मक नियोजन म्हणतो, त्याचा गाभा माझ्या मते हाच आहे.

मोठी देणगी नंतर आली. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. या देणगीची रचना पाहण्यासारखी आहे. साडेतीन टक्क्यांनी होणारं वर्षाचं व्याज, म्हणजे ५२,५०० रुपये, विद्यापीठाला दरसाल मिळावेत अशी ती व्यवस्था होती. दरवर्षी ठरलेली रक्कम येणार हे माहीत असलं की संस्थेला पुढचं पाऊल टाकता येतं, प्राध्यापक नेमता येतात. एकदाच मिळालेल्या रकमेतून माणूस नेमायला कुठलाही जबाबदार विश्वस्त कचरतो, आणि ते बरोबरच आहे.

दुसरं टोक रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे तिची स्थापना केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कमी बोललं जातं ते मुठीमुठीने गोळा होणाऱ्या धान्याबद्दल. रोज स्वयंपाकाआधी घरातल्या बाईने एक मूठ बाजूला काढायची आणि ती वसतिगृहाकडे जायची. यात पैशाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे देणाऱ्यांची संख्या. १९४८ मध्ये सरकारने रयतचं अनुदान थांबवलं, ते पुढे पूर्ववत झालं. पण एकाच दात्याच्या, मग तो सरकार का असेना, मर्जीवर सगळं सोडलेली संस्था अशा धक्क्यात कोलमडली असती. ‘पैसा फंडा’चंही तेच. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

आता आजच्या संस्थेकडे येऊ. समजा, एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी ४० मुलांचं वसतिगृह आहे. खर्चाचा कागद उघडला तर धान्य, भाजी, दूध, गॅस, वीज, औषधपाणी ही यादी सगळ्यांना पटते. त्याखाली गृहप्रमुख, स्वयंपाकाच्या दोन मावशी, संध्याकाळचा अभ्यास घेणारे सर, हिशेब लिहिणारी मुलगी आणि ऑडिटची फी असते. इथे दात्याच्या कपाळावर आठी पडते. ‘‘आमचा पैसा थेट मुलांपर्यंत जायला हवा,’’ हे वाक्य प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकलेलं असतं. म्हणून संस्थेला संगणक मिळतात, संगणक शिकवणाऱ्याचा पगार मिळत नाही. अशा कुलूपबंद खोल्या अनेक ठिकाणी आहेत. आत प्लॅस्टिकची आवरणं घातलेले संगणक आणि दारावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी. दोष दात्याच्या मनाचा नाही. मुलाला रात्री ताप आला तेव्हा जागणारी बाई हाच मुलापर्यंत पोहोचलेला पैसा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

याच वसतिगृहात आणखी एक वही असते. तिच्यात वर्षाच्या ३६५ तारखा आखलेल्या असतात आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशीच्या जेवणाचा खर्च उचलणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांची पुण्यतिथी. श्रावणातल्या तारखा चटकन भरतात, गोडाचा आग्रहही असतो. जूनच्या कोऱ्या राहतात. साधी दिसणारी ही वही उत्तम निधी संकलन आहे. तारीख दरवर्षी परत येते, म्हणून देणगीही परत येते. घरचे लोक मुलांबरोबर पंगतीला बसतात, संस्था डोळ्यांनी पाहतात. व्यवस्थापकाचं काम एवढंच की त्या दिवसाच्या आकारणीत भाजी-पोळीबरोबर मावशींचा आणि गृहप्रमुखांचा दिवसाचा पगारही धरायचा, आणि तो धरला आहे हे दात्याला सांगायचं. लपवायचं नाही. सांगितलं की बहुतेकांना पटतं.

जूनच्या कोऱ्या तारखांमागे मोठा प्रश्न आहे. वह्यापुस्तकं, गणवेश, अंथरुणं यांचा खर्च शाळा उघडताना येतो. देणग्यांचा ओघ मात्र गणपती-दिवाळीत आणि मग मार्चअखेरीला, आर्थिक वर्ष संपताना असतो. वर्षाचा जमाखर्च कागदावर जुळतो आणि तरी ऑगस्टमध्ये पगार थकतात. म्हणून वार्षिक अंदाजपत्रकाइतकाच महिनावार आवक-जावकीचा तक्ता महत्त्वाचा, आणि निदान सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी हवी. ‘शिल्लक दिसली तर लोक देणार नाहीत’ ही भीती विश्वस्तांमध्ये खोलवर बसली आहे. शिल्लक ठेवायला कायद्याचा सरसकट विरोध नाही. करसवलत घेणाऱ्या न्यासाने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम कामावर खर्च करायची असते, उरलेली १५ टक्के मागे ठेवता येते. त्याहून जास्त मागे टाकायची तर उद्देश लेखी कळवून ठरावीक मुदतीसाठी तीही सोय आहे. कायम निधी म्हणून दिलेली देणगी वेगळी धरली जाते, तिचे नियम सनदी लेखापालाकडून समजून घ्यावेत.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीने, म्हणजे सीएसआरने, एप्रिल २०१४ पासून चित्र बदललं. कंपनीचं निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक टप्पा गाठला की आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करणं तिच्यावर बंधनकारक आहे. यातली एक समजूत मात्र दूर व्हायला हवी. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावर आहे. ती काम करणाऱ्या संस्थेच्या पगारांना लावून दाखवली जाते आणि कार्यकर्ते मुकाट्याने मान्य करतात. त्यांनी ती मान्य करू नये.

परदेशी निधीचा मार्ग अधिक अरुंद झाला आहे. कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ही देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने ती रक्कम दुसरीला देणं बंद झालं. मोठ्या संस्थेमार्फत पैसे मिळवणाऱ्या खेड्यातल्या लहान संस्थांची यात फार अडचण झाली. अमेरिकेतल्या, आखातातल्या मराठी माणसांनी हे लक्षात ठेवावं की परकीय नागरिकत्व घेतलेल्याची देणगी परदेशी ठरते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली तशी ठरत नाही.

निधी कुठून येतो यापेक्षा अवघड प्रश्न, निधी नाकारायचा कधी, हा आहे. मुलींच्या शिक्षणात दहा वर्षं मुरलेल्या संस्थेला यंदा जलसंधारणासाठी पैसे मिळतायत म्हणून ती बंधारे बांधू लागते. पुढच्या वर्षी कौशल्य विकास. पाच वर्षांनी अहवाल जाड होतो आणि मुली पुन्हा शाळाबाह्य. तीन वर्षांची योजना लिहायची ती यासाठी. ती पानभरच असावी. आपण कोणासाठी, कोणत्या गावांत, काय करणार आणि काय करणार नाही. त्याला किती माणसं लागतील. संस्थापक थकल्यावर सूत्रं कोणाकडे. शेवटचा प्रश्न बैठकीत कोणी काढत नाही, आणि चांगल्या संस्था तिथेच विझतात. ही योजना विश्वस्तांनी शहरात बसून लिहू नये. मावशी आणि गृहप्रमुख त्या बैठकीत असायला हवेत.

कार्यकर्त्याच्या पोटाचा विचार महाराष्ट्राने एकदा फार सुंदर रीतीने केला होता. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ नाटकाचे प्रयोग केले आणि त्यांतून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचं बळ त्यामागे होतं. निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन जायचं. इमारत नाही, पाटी नाही. प्रेक्षकाने तिकीट काढलं आणि कुठल्यातरी आदिवासी पाड्यावर काम करणाऱ्या, त्याने कधीही न पाहिलेल्या माणसाच्या घरात किराणा भरला गेला. महाराष्ट्रातल्या दातृत्वाचं इतकं शहाणं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

या दिवाळीत तुम्ही एखाद्या संस्थेला काही देणार असाल, तर आधी तिचा वार्षिक अहवाल आणि हिशेबपत्रकं मागा. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का, करसवलतीचं (८० जी) प्रमाणपत्र चालू आहे का, हे विचारण्यात संकोच नको. २,००० रुपयांवरची देणगी रोख दिली तर करसवलत मिळत नाही आणि नवी कररचना निवडली असेल तर ही सवलतच नाही, तेव्हा सवलतीसाठी देत असाल तर तेही तपासा. मग, एवढं सगळं पटल्यावर, रक्कम लहान असली तरी चालेल पण ती दरमहा द्या, निदान तीन वर्षं द्या, आणि पावतीवर ‘देणगीचा उद्देश’ या ओळीपुढे ‘कार्यकर्त्यांच्या पगारासाठी’ असं स्वतःच्या हाताने लिहा.