नाव कोणाचे, दावा कोणाचा?

तमिळनाडूतल्या कुंभकोणमहून मयिलादुतुरैच्या रस्त्याला लागले की आठेक किलोमीटरवर तिरुभुवनम् लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे देऊळ आणि रेशमी साड्या, यांसाठी गावाची ख्याती. इथल्या साडीची घडीसुद्धा वेगळी. हातपंख्याला पडतात तशा चुण्या घालून ती घडी घालतात आणि जाणकार गिऱ्हाईक त्यावरूनच साडी ओळखते. २०१९ साली या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी ते कोल्हापुरी चपलेलाही मिळाले.

बौद्धिक संपदेचा पेपर घेतलेल्या विद्यार्थ्याने या दोन वस्तू समोर ठेवून १९९९चा भौगोलिक मानांकन कायदा वाचावा. निम्मा अभ्यासक्रम त्यातच उलगडतो.

जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी दिसली आणि महाराष्ट्रात संताप उसळला. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. अनेकांना वाटले, न्यायालयाने कारागिरांकडे पाठ फिरवली. तसे झालेले नाही. न्यायालयाचा प्रश्न साधा होता: तुम्ही कोण? हे मानांकन महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकार या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. हक्क मोडला असेल तर त्यांनी रीतसर दावा लावावा. हे उत्तर न्यायाधीशांनी हवेतून आणलेले नव्हते. कलम २१ सांगते की उल्लंघनाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाला आणि अधिकृत वापरकर्त्याला आहे. निकाल वाचण्याआधी हे कलम वाचलेल्या विद्यार्थ्याला त्याचे नवल वाटले नसते.

खरा कस लावणारा प्रश्न मात्र पुढचा आहे. लिडकॉमने दावा लावला असता, तर तो टिकला असता का? प्रादाने त्या चपलांना ‘कोल्हापुरी’ म्हटलेच नव्हते. चामड्याच्या सँडल एवढेच वर्णन केले होते. मानांकनाचा कायदा प्रामुख्याने नाव आणि त्यातून सुचवलेले उगमस्थान जपतो. नक्षीची नक्कल हा डिझाइन कायद्याचा प्रांत. शिवाय भारतातली नोंदणी इटलीत आपोआप लागू होत नाही. परीक्षेत हा प्रश्न आला तर ‘उल्लंघन झाले’ किंवा ‘झाले नाही’ असे एका ओळीचे उत्तर देऊ नये. दोन्ही बाजू मांडून मगच निष्कर्षाला यावे. मूट कोर्टासाठी याहून चांगला विषय सहज सापडणार नाही. पुढे डिसेंबर २०२५मध्ये प्रादाने करार केला, तोही लिडकॉम आणि लिडकार यांच्याशीच.

नावाच्या मर्यादेचा आणखी एक निकाल २०१९चाच आहे. कोलकात्यातल्या आयटीसीच्या हॉटेलातील ‘दार्जिलिंग लाउंज’ या नावाविरुद्ध, दार्जिलिंग चहाच्या मानांकनाचा मालक असलेल्या टी बोर्डाने दावा केला होता. कोलकाता उच्च न्यायालयाने तो फेटाळताना स्पष्ट केले की मानांकन मालाला असते आणि लाउंज हा माल नव्हे.

जुन्या पुस्तकांपासून जपायला हवे. ग्रंथालयातल्या कित्येक प्रतींत कलम ३१खाली अपिलासाठी बौद्धिक संपदा अपील मंडळाचे नाव छापलेले असेल. ते मंडळ २०२१मध्ये बरखास्त झाले. आता अपील उच्च न्यायालयात जाते. त्यानंतर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३मध्ये बौद्धिक संपदेसाठी स्वतंत्र विभागाचे नियम लागू केले. सालाकडे न बघता पाठ केलेला बेअर ॲक्ट परीक्षेत गुण घालवतो आणि वकिलीत पक्षकाराचे नुकसान करतो. पान उघडले की आधी दुरुस्तीची टीप पाहायची, ही सवय पहिल्या वर्षीच लागलेली बरी.

तिरुभुवनम् हे उदाहरण एवढे उपयोगी का, तर त्याच्या आसपास आहे तशी मानांकित वस्तूंची दाटी क्वचितच कुठे असेल. स्वामिमलैच्या पंचधातूच्या मूर्ती, नाच्चियारकोयिलच्या समया, तंजावरची वीणा आणि चित्रे. २०२५मध्ये कुंभकोणमचे विड्याचे पानही या यादीत आले. यांतल्या तंजावर चित्रशैलीला मराठा दरबाराचा, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांचा, आश्रय लाभला होता. त्यामुळे मराठी वाचकाला हा भाग परका वाटू नये. देशभरातल्या मानांकनांची नोंदणी करणारे कार्यालयही चेन्नईतच आहे.

या कार्यालयाच्या नोंदवहीचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात मानांकनाची नोंद, ‘ब’ भागात अधिकृत वापरकर्त्यांची. तिरुभुवनम्‌चा अर्ज तिथल्या रेशीम विणकरांच्या सहकारी संस्थेने केला होता. १९५५पासूनची ही संस्था ‘थिको’ या नावाने ओळखली जाते. पण संस्थेचे नाव ‘अ’ भागात आले म्हणून मागावर बसलेला प्रत्येक विणकर ‘ब’ भागात आपोआप जात नाही. त्याला वेगळा अर्ज करावा लागतो. यंत्रमागावरची साडी गावाचे नाव लावून विकली जाते तेव्हा स्वतःच्या नावाने दावा लावायला हीच नोंद लागते. ट्रेडमार्कसारखा हा हक्क विकता किंवा गहाण टाकता येत नाही. कलम २४ तशी मनाई करते. वापरकर्ता वारला तर मात्र तो वारसाकडे जातो.

२०२०मध्ये या अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले गेले. पैशाची अडचण सरली. उरली ती माहितीची आणि कागदपत्रांची. बार कौन्सिलच्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असावे लागते. येवल्याचा पैठणीकार, कोल्हापूरचा चर्मकार किंवा तिरुभुवनम्‌चा विणकर यांचे अर्ज भरून देण्याचे काम तिथले विद्यार्थी याच सत्रात हाती घेऊ शकतात.