क्षीण संदेश, मोठा गोंगाट

लालबागच्या विसर्जन मिरवणुकीत मित्राची हाक लाऊडस्पीकरवर घेतली, तर भोवतालचा ढोलही मोठा होईल! अंधूक ताऱ्याचे चित्र टिपणाऱ्या संवेदकाचीही हीच अडचण. वर्धक क्षीण विद्युत्-संदेश वाढवतो, तसा गोंगाटही वाढवतो. मग उपाय कोणता?

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेले ‘टिरस्पेक’ हे अवरक्त उपकरण २०१३ साली लडाखमधील हानले येथील २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसले. त्याचा संवेदक द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवतात. उष्णतेने उपजणारा गोंगाट त्यामुळे घटतो. शिवाय साठलेला विद्युत्-भार न पुसता पुनःपुन्हा मोजतात. गोंगाट कधी अधिक, कधी उणा. सरासरीत तो विरतो. एकाच संदेशाची १६ स्वतंत्र मापे घ्या, गोंगाट चौथाईवर येतो!

वर्गातील बाक १६ जणांकडून मोजून घ्या. सरासरी काय सांगते?