मालाडच्या जुन्या लाद्या आणि ॲसबेस्टॉस

ॲसबेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. त्याचे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, ताण सोसतात आणि स्वस्तही पडतात. त्यामुळे विसाव्या शतकात सिमेंटचे पत्रे, पाइप, गाड्यांचे ब्रेक, बॉयलरभोवतीची वेष्टने अशा असंख्य वस्तूंमध्ये ते मिसळले गेले. पातळ विनाइल लादीला बळकटी यावी म्हणून तिच्यातही ते घालत. अमेरिका आणि युरोपात अशा लाद्या १९८० च्या दशकापर्यंत सर्रास बसवल्या जात. भारतातही पीव्हीसी-ॲसबेस्टॉस लादीसाठी ‘आयएस ३४६१’ हे स्वतंत्र मानक होते. तेव्हा जुनी फरशी उखडण्याआधी ती नेमकी कशाची आहे, हे पाहणे गरजेचे ठरते.

मुंबईच्या मालाडमध्ये हा प्रश्न सध्या वारंवार उभा राहतो, कारण इथल्या जुन्या सोसायट्या एक तर पुनर्विकासाला निघाल्या आहेत किंवा घरोघरी नूतनीकरण चालू आहे. दिलासा देणारी गोष्ट अशी की, इथल्या बहुतेक घरांतल्या लाद्यांमध्ये ॲसबेस्टॉस नसते. १९६० ते १९९० च्या दरम्यानच्या इमारतींत प्रामुख्याने मोझॅक लादी आढळते. तिच्यात सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात. गावठाणातल्या जुन्या घरांत नक्षीदार रंगीत सिमेंट लादी दिसते. मुंबईत १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्सने ती घराघरांत नेली. शहाबादी आणि कोटा हे तर नैसर्गिक दगड. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड लाद्या भाजलेल्या मातीच्या. यांपैकी कशातही ॲसबेस्टॉस घालत नाहीत. मात्र या लाद्या कटरने कोरड्या कापल्या, तर सिलिकाची बारीक धूळ उडते आणि तीही फुप्फुसाला घातकच असते. त्यामुळे त्याही पाणी मारतच कापाव्यात.

संशय घ्यावा तो पातळ, चिकटवलेल्या विनाइल लादीचा. धूळ नको, पाय घसरू नये आणि फरशी झटपट पुसता यावी, अशी गरज असलेल्या ठिकाणी विनाइल लादी बसवत. जुनी कार्यालये, प्रयोगशाळा, दवाखाने आणि यंत्रे ठेवण्याच्या खोल्या ही तिची नेहमीची ठिकाणे. अशी जागा पुढे दुकान, क्लास किंवा घर म्हणून वापरात आली की, जुनी लादी नव्या फरशीखाली तशीच राहून जाते. ॲसबेस्टॉसयुक्त लादी साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीची असते. परदेशात तिचे जुने माप ९ इंच चौरस आणि नंतरचे १२ इंच चौरस होते. रंग बहुधा फिकट, त्यावर संगमरवरासारखे ओघळ किंवा ठिपके. नव्या विनाइलसारखी ती लवचीक नसते. वाकवायला गेले की कडकन मोडते. एखादी सुटली तर खाली डांबरासारखा काळा थर दिसतो. या चिकट थरातही कित्येकदा ॲसबेस्टॉस असते.  जुन्या विनाइल रोलच्या पाठीवर कागदासारखा मऊ थर असेल, तर अधिक सावध राहावे. तो हाताने सहज कुस्करला जातो आणि त्यात ॲसबेस्टॉस असेल तर तंतू लगेच मोकळे होतात.

ही लक्षणे फक्त संशय घेण्यापुरती आहेत. नुसत्या नजरेने ॲसबेस्टॉस ओळखता येत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो आणि तिथे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचा प्रकार ठरवला जातो. पांढरे, निळे आणि तपकिरी हे त्याचे मुख्य व्यापारी प्रकार. नमुना घेताना पंखे बंद ठेवावेत, लादीचा कोपरा ओला करावा, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा आणि खालच्या चिकट थराचा अंश अलगद काढून दोन पिशव्यांत बंद करावा. ती जागा लगेच चिकटपट्टीने झाकावी. चाचणी शक्य नसेल, तर लादीत ॲसबेस्टॉस आहे असे धरून चालणेच शहाणपणाचे.

धडधाकट, जमिनीला घट्ट बसलेली लादी तंतू सोडत नाही. तिच्यावरून चालल्याने किंवा ओल्या फडक्याने पुसल्याने अपाय होत नाही. धोका सुरू होतो तो ती फोडताना, घासताना, भोके पाडताना किंवा तिच्यावर पॉलिशचे मशीन फिरवताना. मोकळे झालेले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाऊन तिथेच रुततात. त्यातून फुप्फुस ताठर करणारा ॲसबेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलियोमा हे आजार होतात. आजार दिसू लागायला १० ते ४० वर्षे लागू शकतात. कामगार धूम्रपान करणारा असेल, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैकपटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲसबेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत.

मुंबईच्या उपनगरांना हा आजार अनोळखी नाही. मुलुंडला ॲसबेस्टॉस सिमेंटचा, तर घाटकोपरला ब्रेक आणि क्लच लायनिंगचा मोठा कारखाना होता. घाटकोपरच्या कारखान्यातील कामगारांची तपासणी करून डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी २००५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्यांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक कामगारांत ॲसबेस्टोसिस आढळला. आजार उशिरा उमटतो म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपण्याचा आदेश दिला. घरे फोडणाऱ्या नाक्यावरच्या बिगाऱ्याची अशी नोंद कुठेच होत नाही. विशीत श्वासातून घेतलेली धूळ त्याला पन्नाशीत गावी गाठते, तेव्हा कारण शोधणारे कोणी नसते.

संशयित लादी चांगल्या स्थितीत असेल, तर तिला हात न लावणे हा पहिला आणि सर्वांत सुरक्षित उपाय. वरून नवे विनाइल, लॅमिनेट किंवा पातळ समतल थर टाकता येतो. एखादा तुकडा तुटला असेल, तर तेवढी जागा सीलरने बंद करावी. झाकण्याआधी फोटो काढून, खाली काय आहे याची नोंद घराच्या किंवा सोसायटीच्या कागदपत्रांत ठेवावी, म्हणजे पुढचा मिस्त्री नकळत ब्रेकर चालवणार नाही.

काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर अनुभवी पथकाकडूनच काम करून घ्यावे. खोली रिकामी करून दारे-खिडक्यांच्या फटी प्लास्टिकने बंद कराव्यात, पंखा व एसी बंद ठेवावा आणि मुलांना व वृद्धांना बाहेर पाठवावे. थोडा द्रव साबण घातलेले पाणी फवारून लादी ओली करावी, ती सतत ओली ठेवावी आणि रुंद पात्याच्या स्क्रेपरने शक्यतो अखंड उचलावी. गरम हवेने चिकट थर सैल होतो आणि लादी तुटत नाही. खालचा काळा थर घासू नये. तो तसाच ठेवून झाकावा. फडके, कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क इथे निरुपयोगी. पी-३ किंवा पी-१०० दर्जाचे फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. झाडू मारू नये आणि घरगुती व्हॅक्यूमही लावू नये. त्याच्या पिशवीतून तंतू उलट खोलीभर पसरतात. ओल्या फडक्याने पुसून ते फडकेही कचऱ्यातच टाकावे. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, कारण ते झटकून धुणाऱ्या बायकाही आजारी पडल्याचे जगभर नोंदले गेले आहे.

निघालेला माल ओला असतानाच जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशव्यांत बांधून त्यावर ‘ॲसबेस्टॉस’ असे ठळक लिहावे. तो इतर डेब्रिजमध्ये मिसळू नये. महापालिकेची डेब्रिज सेवा विटा, सिमेंट आणि लाद्यांसाठी आहे. टाकून दिलेले ॲसबेस्टॉस मात्र २०१६ च्या नियमांतील घातक कचऱ्याच्या यादीत मोडते. अशा कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी सुविधा तळोज्याला आहे; तिथवर माल कसा पोहोचवायचा, हे सोसायटीने वा ठेकेदाराने काम सुरू होण्यापूर्वीच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून समजून घ्यावे. मालवणी-मार्वेच्या खारफुटीत रात्री गोण्या रिकाम्या करणे हा कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय ती धूळ तिथे खेळणाऱ्या मुलांच्या वाट्याला येते.

मालाडमध्ये ॲसबेस्टॉस पायाखाली कमी आणि डोक्यावर जास्त आहे. मालवणी, कुरार, आप्पापाडा इथल्या घरांवरचे सिमेंटचे पत्रे, सोसायट्यांच्या गच्चीवरच्या शेड, मागच्या भिंतीवरचे जुने सांडपाण्याचे पाइप यांत ते सिमेंटमध्ये बांधलेले असते. भारतात पांढऱ्या ॲसबेस्टॉसची आयात आणि वापर यांवर अजून बंदी नाही, त्यामुळे नवा पत्रा घेतानाही चौकशी करणे आवश्यक आहे. पावसाळ्यापूर्वी पत्रा कापणे, हूकसाठी भोके पाडणे, शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडणे ही कामे लादी फोडण्याइतकीच घातक असून त्यांनाही हीच पथ्ये लागू होतात.

पुनर्विकासाच्या करारात पाडकामाआधी ॲसबेस्टॉसची पाहणी, ते वेगळे काढण्याचा खर्च आणि कामगारांची साधने, हे तिन्ही मुद्दे लिहून घेणे प्रत्येक सोसायटीला शक्य आहे. या खर्चाची जबाबदारी घरमालक आणि विकासकाने उचलायची आहे. त्यांनी ती टाळली, तर तिची किंमत रोजंदारीवरचा मजूर आपल्या श्वासाने मोजतो.