२० लॅपटॉप, एक रात्र: विंडोज टाकताना पॉवर सेटिंग आधी बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण आपोआप विंडोज टाकणारा पेनड्राइव्ह बघितला. पण एक भाग घाईत राहून गेला, तो इथे नीट लिहितोय. कारण या एका गोष्टीने माझा एक रविवार खाल्लाय.

एका कोचिंग क्लासची २० लॅपटॉपची ऑर्डर होती. सोमवारी सकाळी डिलिव्हरी. शनिवारी रात्री सगळ्यांना पेनड्राइव्ह लावून विंडोज सुरू केलं, पुढची सॉफ्टवेअर आपोआप पडणार होती, म्हणून शटर ओढून निवांत घरी गेलो. रविवारी सकाळी येऊन बघतो तर बरेच लॅपटॉप गाढ झोपलेले! विंडोज पडलं होतं, सॉफ्टवेअर अर्ध्यावर. मशीन खराब नव्हती, स्क्रिप्टही बरोबर होती. चूक माझी होती, पॉवर सेटिंगकडे मी बघितलंच नव्हतं.

पॉवरचा आणि स्पीडचा संबंध काय?

पेनड्राइव्हवरून मशीन चालू होतं तेव्हा आधी एक छोटं, तात्पुरतं विंडोज रॅममध्ये चढतं. त्याला विंडोज पीई म्हणतात. ते डिस्कचे भाग पाडतं आणि मुख्य विंडोजची दाबून बसवलेली फाइल उलगडून डिस्कवर टाकतं. उलगडण्याचं हे काम प्रोसेसर करतो. आणि हे छोटं विंडोज साधारणपणे ‘बॅलन्स्ड’ प्लॅनवर चालतं, म्हणजे वीज वाचवत, जपून. घरच्या वापराला ते उत्तम. पण आपल्याला इथे वीज नाही, वेळ वाचवायचाय.

म्हणून इमेज टाकायच्या आधी प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर न्यायचा. ही काही जुगाडू ट्रिक नाही. मायक्रोसॉफ्टने इमेज टाकण्यासाठी जी नमुना स्क्रिप्ट दिलीय, तिच्यातही हेच केलंय. मोठ्या कंपन्यांच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये तर १९१० या आवृत्तीपासून यासाठी वेगळा टिक-बॉक्सच आहे.

करायचं कसं?

पहिल्यांदा एकाच मशीनवर हाताने करून बघा. सेटअपची स्क्रीन आली की शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे ‘पॉवरसीएफजी स्लॅश एस स्कीम_मिन’ ही कमांड द्या. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, जसंच्या तसं टाइप करा.

इथे बरेच जण फसतात. ‘मिन’ म्हणजे कमीत कमी स्पीड नव्हे, तर कमीत कमी वीजबचत! म्हणजेच हाय परफॉर्मन्स. ‘स्कीम_मॅक्स’ टाकलंत तर उलटं होईल, मशीन पॉवर सेव्हरवर जाईल.

कमांड चालली की तीच ओळ तुमच्या आन्सर फाइलमध्ये, विंडोज पीईच्या टप्प्यात घाला. मग प्रत्येक मशीनला हात लावायला नको.

रीस्टार्टनंतर पुन्हा सांगावं लागतं

छोटं विंडोज रॅममध्ये असतं. रीस्टार्ट झालं की ते गेलं, आणि त्याच्याबरोबर तुमचं सेटिंगही गेलं. नवीन विंडोज स्वतःच्या बॅलन्स्ड प्लॅनवर उठतं. कीबोर्ड-माउसला कोणी हात लावत नाही, म्हणून ठरलेल्या वेळाने ते झोपतं. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं.

म्हणून पहिल्या लॉगिनला चालणाऱ्या कमांडमध्ये सगळ्यात वर ‘स्टँडबाय-टाइमआउट-एसी’ शून्य करा. शून्य म्हणजे झोपायचंच नाही. स्क्रीन बंद झाली तरी चालते, काम आत चालू राहतं. फक्त झाकण उघडं ठेवा. जागा वाचवायला झाकण मिटून थप्पी लावलीत तर मशीन झोपेल, वर गरमही होईल.

नव्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज पडल्यावर फक्त बॅलन्स्डच दिसतो, हाय परफॉर्मन्स नसतोच. घाबरू नका, तिथे फक्त झोप बंद केली तरी पुरतं.

कमांडच्या आधी या गोष्टी तपासा

• चार्जर लावलेला हवा, आणि त्याच मॉडेलचा. बॅटरीवर किंवा कमी वॉटच्या चार्जरवर बरेच लॅपटॉप स्वतःच हळू होतात.
• बायोसमध्ये ‘क्वाएट’सारखा मोड असेल तर काम होईपर्यंत बदला.
• पेनड्राइव्ह जुना, हळू असेल तर प्रोसेसर नुसता वाट बघत बसेल. तिथे पॉवर प्लॅन काही करू शकत नाही.
• लाइटचा हिशोब करा. ६५ वॉटचे २० चार्जर म्हणजे १३०० वॉट. २३० व्होल्टला साडेपाच अँपिअरच्या वर. साध्या ६ अँपिअरच्या एका पॉइंटवर सगळं लटकवू नका, दोन-तीन ठिकाणी वाटा.

आणि शेवटचं काम: परत जागेवर ठेवा

हे विसरलात तर गिऱ्हाईक परत येणार. मी तेही भोगलंय. “सर, लॅपटॉप टेबलवर सोडला की रात्रभर चालूच राहतो,” असा फोन आला. झोप बंद केलेली मी तशीच सोडली होती.

स्क्रिप्टच्या अगदी शेवटी ‘पॉवरसीएफजी स्लॅश रिस्टोअरडिफॉल्टस्कीम्स’ ही ओळ टाका. सगळे प्लॅन मूळ जागी येतात. डिलिव्हरीच्या चेकलिस्टमध्येही “पॉवर सेटिंग मूळ केलं” असा एक चौकोन ठेवा, आणि टिक केल्याशिवाय बॉक्स पॅक करू नका.

किती मिनिटं वाचतील? प्रत्येक मशीनला वेगळी. म्हणून एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घ्या, एकसारखे पेनड्राइव्ह घ्या, एक बॅलन्स्डवर आणि एक हाय परफॉर्मन्सवर चालवा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. जो फरक येईल त्याला ऑर्डरमधल्या मशीनच्या संख्येने गुणा. एका वेळी दोन-दोनच मशीन लावत असाल तर अर्ध्याने गुणा. तो तुमचा वाचलेला वेळ. पुढच्या कोटेशनमध्ये डिलिव्हरीची तारीख त्या आकड्यावरून द्या, अंदाजाने नको. दिलेली तारीख पाळली की तेच गिऱ्हाईक पुढची ऑर्डर घेऊन येतं.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!