मुद्रण आणि जतन : तबकडी व हार्ड डिस्क यांवरील चलच्चित्रे

शाळेचे स्नेहसंमेलन, शालेय इमारतीचे उद्घाटन, सेवानिवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचा निरोपसमारंभ, अशा प्रसंगांची चलच्चित्रे अनेक शाळांच्या कपाटांत चकचकीत तबकड्यांवर ठेवलेली आढळतात. एकदा मुद्रण झाले की प्रसंग कायमचा जतन झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. ती का बरोबर नाही, हे समजण्यासाठी घरगुती मुद्रणयंत्राचे कार्य कसे चालते ते पाहणे अगत्याचे आहे.

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची मालिका होय. भारतातील दूरचित्रवाणीच्या जुन्या पद्धतीत दर सेकंदास २५ चित्रे दाखविली जात. अंकरूपात मांडताना प्रत्येक चित्रात ५७६ ओळी व प्रत्येक ओळीत ७२० बिंदू, म्हणजे एकूण ४,१४,७२० बिंदू धरले जातात. प्रत्येक बिंदूची नोंद दोन बाइटांत केली, तर एका सेकंदास सुमारे २ कोटी ७ लाख बाइट लागतात. डीव्हीडी या तबकडीच्या एका थरावर सुमारे ४७० कोटी बाइट मावतात. या हिशेबाने तबकडी चार मिनिटांच्या आतच भरून जाईल.

प्रत्यक्षात मात्र तीच तबकडी दोन तास पुरते. याचे रहस्य वर्गाच्या हजेरीवरून विद्यार्थ्यांना सहज समजावून देता येईल. वर्गाचा पट एकदा पूर्ण लिहिलेला असला म्हणजे रोज सर्वांची नावे पुन्हा लिहावी लागत नाहीत. केवळ गैरहजर विद्यार्थ्यांची नोंद पुरते. तद्वतच यंत्र थोड्या थोड्या अंतराने एक चित्र पूर्ण नोंदविते आणि मधल्या चित्रांत जेवढा बदल झाला तेवढाच टिपून ठेवते. यास संक्षेपण म्हणता येईल. संक्षेपण जितके अधिक, तितका वेळ अधिक, परंतु चित्राची स्पष्टता कमी. म्हणूनच अशा यंत्रांवर त्याच तबकडीसाठी एक, दोन, चार किंवा सहा तास असे पर्याय दिलेले असतात. कवायत, लेझीम यांसारख्या वेगवान हालचालींचे मुद्रण सहा तासांच्या पर्यायावर केल्यास चित्र अस्पष्ट व चौकटी-चौकटींचे दिसते. कारण तेथे क्षणोक्षणी बदल फार असतात.

तबकडीवर लेखन होते ते लेसर किरणाने. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. किरणाच्या उष्णतेने त्यावर सूक्ष्म खुणा उमटतात व त्या पुसता येत नाहीत. ही जणू शाईने लिहिलेली वही होय. पुनर्लेखन करता येणाऱ्या तबकडीत रंगद्रव्याऐवजी एक विशिष्ट मिश्रधातू असतो. त्याची घडण उष्णतेने बदलता येते व पूर्ववतही करता येते. ही पाटी होय.

तबकडीवर लेखन संपल्यानंतर आणखी एक कार्य उरते. पुस्तकास जशी अनुक्रमणिका, तशी तबकडीवर कोठे काय आहे याची अंतिम नोंद करावी लागते. यंत्राच्या सूचीत यास ‘फायनलाइझ’ असे नाव असते. हे राहून गेल्यास तबकडी मूळ यंत्रावर चालते, परंतु इतर यंत्रांवर बहुधा चालत नाही. तबकडी कोरी निघाली, अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच कारण असते.

काही मुद्रणयंत्रांत तबकडीच्या जोडीला हार्ड डिस्कही असते. तिच्यात चुंबकीय थर दिलेल्या चकत्या मिनिटास हजारो फेरे फिरतात आणि लेखनशीर्ष त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. तिच्यावर कितीतरी तासांचे मुद्रण मावते, नको तो भाग काढता येतो व निवडक भाग तबकडीवर उतरविता येतो. परंतु चालू यंत्रास धक्का लागल्यास ती निकामी होऊ शकते. शिवाय अनेक यंत्रे आपल्या हार्ड डिस्कवर स्वतःच्याच खास पद्धतीने नोंदी ठेवतात. यंत्र बिघडल्यावर ती डिस्क संगणकास जोडली तरी नोंदी सहजासहजी वाचता येत नाहीत. म्हणून ती कामाची जागा समजावी, कोठार समजू नये.

तबकडीही अमर नाही. उष्णता, दमट हवा व ऊन यांनी रंगद्रव्य हळूहळू खराब होते. याहून मोठी अडचण वाचकयंत्रांची आहे. जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ साली चित्रफीत-यंत्रांचे उत्पादन थांबविले. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लेखनयोग्य ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. नव्या संगणकांत तबकडीचा खण बहुधा नसतोच. मजकूर शाबूत असूनही तो वाचणारे यंत्र नसावे, अशी वेळ येण्यापूर्वीच हालचाल केली पाहिजे.

या दृष्टीने शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. कपाटातील तबकड्यांची प्रसंग व वर्ष यांसह यादी करावी आणि प्रत्येक तबकडी लावून पाहावी.

२. यंत्राच्या हार्ड डिस्कवरच राहिलेले मुद्रण यंत्र चालू आहे तोवर तबकडीवर उतरवून फायनलाइझ करावे.

३. तबकडीचा खण असलेल्या संगणकावर सर्व तबकड्यांच्या प्रती काढाव्यात. एक प्रत शाळेत व दुसरी अन्य ठिकाणी ठेवावी.

४. तबकडी कडेने धरावी, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी व उभी ठेवावी. तिच्यावर कागद चिकटवू नये.

५. वर्षातून एकदा प्रती उघडून पाहाव्यात आणि साधने बदलतील तशा नव्या साधनावर उतरवाव्यात.

जनरल रजिस्टर जीर्ण होऊ लागले म्हणजे त्याची नक्कल करून ठेवण्याची दक्षता शाळा घेते. चलच्चित्रांच्या बाबतीतही तीच दक्षता हवी. जे शिक्षक आज हयात नाहीत त्यांचा आवाज आणि जी मुले आज प्रौढ झाली त्यांचे बालपण त्या तबकड्यांवर आहे. ते पुन्हा मुद्रित करता येणार नाही. मुद्रण एका दिवसाचे काम आहे, जतन मात्र दरवर्षीचे.