बाक, घंटा आणि लेटमार्क

हायस्कूलचा दिवस : भाग ४

जूनच्या मध्याला शाळा उघडते, विदर्भात उन्हामुळे आणखी थोडी उशिरा, आणि पहिल्याच दिवशी वर्गावर्गात जागा धरण्यावरून धुमश्चक्री उडते. दार पुरते उघडायच्या आत दप्तरे आत फेकली जातात. पंख्याखालचा बाक, खिडकीजवळचा बाक, भिंतीला पाठ टेकता येते तो बाक आणि अर्थातच शेवटचा बाक. दहा मिनिटांत सगळ्यांच्या जागा पक्क्या होतात. मग वर्गशिक्षिका येतात, वर्गावरून एकदा नजर फिरवतात आणि म्हणतात, ‘सगळे बाहेर या, उंचीप्रमाणे उभे राहा.’

मागच्या भागात आपण परिपाठ पाहिला. या भागात त्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट आहे. फाटकातून आत यायची वेळ कोण ठरवते आणि आत आल्यावर बसायची जागा कोण ठरवते? वरवर पाहता दोन्ही शिस्तीचे विषय आहेत. प्रत्यक्षात दोन्हींचा निकाल बहुधा इमारत, एसटी आणि बाकांची संख्या यांच्या हिशेबाने लागतो, आणि त्याचा जाब मात्र मुलांना द्यावा लागतो.

उंचीचा नियम सर्वांत जुना आणि सर्वांत कमी भांडणाचा. बुटके पुढे, उंच मागे, म्हणजे फळा सगळ्यांना दिसतो. अडचण एवढीच की आठवी ते दहावी हे उंची थांबून राहण्याचे वय नाही. जूनमध्ये दुसऱ्या बाकावर बसलेला मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर असा काही वाढून येतो की मागच्या तिघांना फळ्याचा निम्मा भाग दिसेनासा होतो. म्हणून काही शिक्षक दर सोमवारी रांगा सरकवतात. खिडकीकडची रांग मधे येते, मधली दाराकडे जाते. यात न्याय आहे, पण पुढचे पुढेच राहतात आणि मागचे मागेच. रांग बदलते, ओळ बदलत नाही.

मुलगे एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला, ही मांडणी मराठी माध्यमाच्या बहुतेक हायस्कुलांत कुणी न सांगता होते. पाचवीपर्यंत एका बाकावर डबा खाणारी मुले आठवीत मधली वाट ओलांडायला कचरतात. याच वाटेवर एक जुनी शिक्षा उभी आहे : बडबड करणाऱ्या मुलाला मुलींच्या रांगेत नेऊन बसवायचे. वर्ग हसतो, मुलगा लाजतो. मुलींशेजारी बसणे ही नामुष्की कधीपासून झाली, हे कुणी विचारत नाही. मुलींनाही नाही.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. बाक दोघांसाठी बनवलेला असतो. पट साठ-सत्तरचा असला की त्यावर तिघे बसतात. मधल्याला दोन्हीकडून कोपर लागते आणि फळ्यापाशी बोलावले की एकाला उठवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. डावखुरा मुलगा उजव्या टोकाला बसला तर दोन लिहिणाऱ्या हातांची तासभर टक्कर चालते. अनुभवी शिक्षक पहिल्या आठवड्यातच डावखुऱ्यांना डाव्या टोकाला हलवतात. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, पण प्रगतिपुस्तकातल्या अक्षर-सुधारणेच्या शेऱ्यांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

जागेचा अभ्यासाशी काही संबंध असतो का? १९७० मध्ये रेमंड अ‍ॅडम्स आणि ब्रूस बिडल या संशोधकांनी वर्गातल्या तासांचे चित्रण तपासले. शिक्षकांचे बहुतेक प्रश्न आणि मुलांची बहुतेक उत्तरे पुढच्या ओळीत आणि मधल्या पट्ट्यात घडत होती. वर्गाचा बाकीचा भाग प्रेक्षक होता. आता ‘पुढची मुले हुशार म्हणून त्यांना विचारले जाते, की त्यांना विचारले जाते म्हणून ती हुशार ठरतात’ हा वाद घालता येईल. पण वर्गात एक चक्कर मारून शिक्षक मागच्या भिंतीपाशी उभे राहिले, की शेवटचा बाक पहिला होतो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. बाक न हलवता शिक्षकांनी हलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बाक हलवण्याचा प्रयोग केरळमध्ये झाला. २०२४ च्या अखेरीस आलेल्या ‘स्थानार्थी श्रीकुट्टन’ या मल्याळम चित्रपटात मागच्या बाकावरच्या मुलांची गोष्ट होती आणि वर्गाच्या तिन्ही भिंतींना लागून बाक मांडण्याची कल्पना होती. कुणीच मागे नाही. पुढच्या वर्षी केरळमधल्या काही शाळांनी ती मांडणी खरोखर करून पाहिली आणि तिची चर्चा राज्याबाहेर गेली. कल्पना सुरेख आहे. तीस मुलांच्या वर्गात ती सहज जमते. साठ मुले असली की भिंती संपतात, बाक उरतात.

शिवाय टोकाला बसणाऱ्याला मान वळवून फळा पाहावा लागतो. काही वर्षांपूर्वी दोन संशोधकांनी बैठकीवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचा निष्कर्षही असाच व्यवहारी होता : एकेकट्याने करायच्या कामाला ओळी बऱ्या, चर्चेला गट किंवा अर्धवर्तुळ बरे. म्हणजे गणिताच्या तासाला एक बैठक आणि इतिहासाच्या तासाला दुसरी. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात बाक सरकवण्यातच पाच मिनिटे जातील, हे ऐकून कुठलेही मुख्याध्यापक कपाळावर हात मारतील.

जुन्या शाळांत जागा हुशारीवर ठरे. परीक्षेत किंवा तोंडी उत्तरात जो वरचढ, तो वर बसणार. नंबर घसरला की जागाही घसरे. या पद्धतीची एक नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात आहे, आणि ती वाचताना बैठकीचा विषय एकदम वेगळाच होतो. साताऱ्याच्या शाळेत बाकीची मुले आपापल्या क्रमांकाप्रमाणे बसत, त्यांना मात्र क्रमांक कितीही असला तरी वर्गाच्या कोपऱ्यात एकटे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा होता. वर्ग झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून तो तुकडा रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचा प्रवेश झाला. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांत भाषणे होतात, निबंधस्पर्धा होतात. गोणपाटाचा तुकडाही सांगितला जातो. आपल्या वर्गात आज कोपऱ्यात कोण बसते आणि त्याला तिथे कुणी बसवले, हा निबंधाचा विषय मात्र सहसा नसतो.

आता फाटकाकडे. पहिली घंटा झाली की मुले रांगेत, दुसरी झाली की राष्ट्रगीत. २०२३ च्या शिवजयंतीपासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले, तेही आता परिपाठात असते. उशिरा येणाऱ्याची पंचाईत इथे होते. फाटक ओलांडता ओलांडता राष्ट्रगीत सुरू झाले की तो आहे तिथेच, दप्तरासकट, सावधान. सगळ्या शाळेला दिसतो. परिपाठ संपेपर्यंत पी.टी.चे सर त्याच्याजवळ पोचलेले असतात.

त्यानंतर काय होते ते शाळेशाळेवर अवलंबून आहे. कुठे वहीत नाव आणि लेटमार्क, कुठे डायरीत शेरा आणि खाली पालकांची सही, कुठे तीन लेटमार्क झाले की पालकांना बोलावणे. दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, पण लेटमार्कचे काय करायचे याचा सगळीकडे सारखा असा हिशेब नाही. त्यामुळे पहिला तास बाहेर उभे राहणे, मैदानाला फेऱ्या, पटांगणातला कचरा, उठाबशा असे प्रकार परंपरेने चालत राहतात. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली. हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. पण नववीत गेल्यावर गुडघे वेगळे होतात असे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत उशिरा आलेल्या सहावीतल्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत ती दगावली आणि प्रकरण पोलिसांत गेले. त्यानंतर महाराष्ट्रभर या जुन्या शिक्षेची चर्चा झाली. उठाबशा म्हणजे व्यायामच, असे म्हणणारी माणसे तेव्हाही भेटली.

पण उशीर होतो कशाने? लेटमार्कच्या वहीत ‘कारण’ असा रकाना असलाच, तर तो वाचण्यासारखा असतो. एसटी आली नाही. एसटी आली, पण भरलेली होती, थांबली नाही. सायकल पंक्चर. नळाला पाणी आले होते. धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायचे होते. शेवटची दोन कारणे बहुधा मुलींच्या नावापुढे दिसतात. ‘झोप लागली’ असे खरे कारण फार थोडे लिहितात.

एसटीचा मुद्दा शासनाला माहीत नाही असे नाही. ग्रामीण भागातल्या विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत असते. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी खास बसगाड्या धावतात, आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. पण पास हातात असणे आणि गाडी वेळेवर येणे यांत फरक आहे. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत लांबला. कोरोनानंतर नुकत्याच उघडलेल्या शाळांत तेव्हा वाड्यावस्त्यांवरची मुले कित्येक किलोमीटर चालत किंवा वडापच्या जीपला लटकून येत होती. तालुक्याच्या कित्येक हायस्कुलांत पहिल्या तासाला महत्त्वाचा विषय न ठेवण्याचा अलिखित संकेत आहे, तो याच गाड्यांमुळे. वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकाला आगारातले वेळापत्रकही पाठ असावे लागते.

झोपेचे प्रकरण मात्र शास्त्राचे आहे. वयात येताना शरीराचे घड्याळ दीड-दोन तास पुढे सरकते. रात्री झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा पाझरू लागते, म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला झोप म्हटले तरी झोप येत नाही आणि सकाळी सहाला ऊठ म्हटले तरी जाग येत नाही. मोबाइलने त्यात भर घातली, पण सुरुवात मोबाइलने केलेली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने त्याचा कायदा केला आणि २०२२ पासून तो लागू झाला.

महाराष्ट्रातही या विषयावर निर्णय झाला. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासननिर्णय निघाला : शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये. पण कुणासाठी? पूर्वप्राथमिक ते चौथीसाठी. म्हणजे जी मुले रात्री नऊला पेंगतात आणि पहाटे आईच्या आधी उठून बसतात, त्यांना सवलत मिळाली. ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते, ती नववी-दहावीची मुले सकाळी सातच्या पाळीत तशीच राहिली. उलट एकाच इमारतीत दोन पाळ्या भरवणाऱ्या शहरी शाळांत लहानांना दुपारी ढकलायचे तर मोठ्यांनी सकाळीच येणे भाग पडते. स्कूलबसच्या फेऱ्याही त्याच हिशेबाने लागतात. निर्णय चांगल्या हेतूचा होता, याबद्दल शंका नाही. पण तो घेताना दहावीतल्या एखाद्या मुलाच्या आईला विचारले असते, तर तिने पहिल्याच वाक्यात सांगितले असते.

काही शाळांनी आपापल्या परीने वाटा काढल्या आहेत. कुठे एसटीने येणाऱ्यांची यादी फाटकावर असते आणि त्या गाडीपुरती दहा मिनिटांची सूट मिळते. कुठे लेटमार्क मुलाच्या नावाऐवजी गावाप्रमाणे लावले जातात. महिन्याअखेर एकाच गावाची रांग लांब दिसली, की मुख्याध्यापक पालकांना पत्र न पाठवता आगारप्रमुखांना पाठवतात. अशी पत्रे कधी कधी गाडीची वेळ बदलूनही आणतात.

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत मात्र हे सगळे हिशेब गळून पडतात. जागा उंचीची नाही, हुशारीची नाही, मैत्रीची नाही. बाकावर चिकटवलेला बैठक क्रमांक सांगेल तिथे, एका बाकावर एकच. तिघांच्या बाकावर पाच वर्षे काढलेल्या मुलाला त्या रिकाम्या फळीवर हात कुठे ठेवावेत ते पहिल्या पेपरला कळत नाही. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला सुरू होतो आणि साडेदहाला दालनात हजर राहावे लागते. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला आधी दहा मिनिटे मिळत, २०२३ पासून ती शेवटी जोडून मिळतात. एसटी आली नाही हे कारण इथे लिहायला रकाना नसतो. म्हणून गावागावांतले पालक वर्गणी काढून जीप ठरवतात आणि वर्षभर पावणेअकराच्या गाडीने येणारी मुले नऊ वाजताच केंद्राच्या फाटकावर पोचलेली असतात.

(पुढील भागात : मधली सुट्टी, डबा आणि फाटकाबाहेरची गाडी)