मासा आजारी? आधी पाणी तपासा!

दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील फिशटँकमध्ये संथपणे विहरणारे गोल्डफिश, मॉली किंवा एंजल पाहिले, की दिवसभराचा शीण हलका होतो. मात्र, हौसेने आणलेले हेच मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकामागून एक दगावू लागले, की मुले हिरमुसतात आणि मोठी माणसे औषधाच्या बाटलीसाठी दुकान गाठतात. प्रत्यक्षात अशा वेळी बहुधा बिघडलेले असते ते टाकीतील पाणी. म्हणूनच निदानाची सुरुवात पाण्यापासून करणे श्रेयस्कर ठरते.

नव्या टाकीचे दुखणे

माशांचे उत्सर्ग आणि उरलेले खाद्य यांपासून पाण्यात विषारी अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात व तळाच्या खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. टाकी आणली त्याच दिवशी त्यात दहा-बारा मासे सोडले, तर अमोनिया साचतच जातो. जुन्या टाकीतही स्पंज नळाखाली खळखळून धुतला, तर क्लोरीनमुळे हे जिवाणू मरतात आणि तोच प्रसंग ओढवतो.

पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्दोष असेलच, असे नाही. अमोनिया व नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत. शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळणाऱ्या चाचणी संचाने ते तपासता येतात. दोन्हींचे प्रमाण शून्य असायला हवे. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

लक्षणे काय सांगतात?

सर्व मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले, तर संशयाची सुई पाण्याकडे वळते. ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर प्राणवायू कमी पडला आहे किंवा अमोनिया, नायट्राइट वा क्लोरीनची बाधा झाली आहे, असे समजावे. लालभडक, सुजलेले कल्ले अमोनियाकडे, तर तपकिरी कल्ले नायट्राइटकडे निर्देश करतात.

एखाद-दुसऱ्याच माशात लक्षणे दिसली, तर रोगाची शक्यता अधिक. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि दगडांवर अंग घासणे, ही 'व्हाइट स्पॉट'ची खूण. हा परजीवी माशाच्या त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो पाण्यात मोकळा झाल्यावरच मरतो. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले, तरी औषधाचा पूर्ण क्रम संपवावा. पर झडत असतील, तर जिवाणूसंसर्ग संभवतो; त्यामागेही अनेकदा अस्वच्छ पाणीच असते. पोट फुगून खवले उभे राहिले, तर तो मासा क्वचितच वाचतो. त्याला वेगळे ठेवणे उत्तम.

तातडीचे उपाय

औषधापूर्वी टाकीतील पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नळाचे पाणी अँटी-क्लोरीन घालून किंवा बादलीत २४ तास उघडे ठेवून, टाकीइतक्याच तापमानाला आणून वापरावे. पूर्ण पाणी कधीही बदलू नये. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे, एअर पंप सुरू ठेवावा. स्पंज धुवायचाच असेल, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

औषधाची मात्रा अंदाजाने घालू नये. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा व १००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरच्या टाकीत ५४ लिटर पाणी मावते. फिल्टरमध्ये कोळसा असल्यास औषधकाळात तो काढून ठेवावा, अन्यथा तो औषध शोषून घेतो.

नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे, दर आठवड्याला पाव पाणी बदलणे आणि दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य देणे, ही त्रिसूत्री पाळली, तर औषधाची वेळ सहसा येत नाही. मासा पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच मलविसर्जन करतो. ते पाणी सांभाळणे, हीच त्याची खरी शुश्रूषा होय.